उसण का भरते, आणि ती भरू नये म्हणून काय करायचं

"जड काहीच उचललं नव्हतं हो ताई. नुसता चपलेचा पट्टा लावायला वाकलो आणि उसण भरली."

टेबलावर पालथ्या पडलेल्या माणसांकडून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता मी पट्ट्याची चौकशीच करत नाही. एवढंच विचारते, "त्याच्या आधीचे दोन तास काय चाललं होतं?" मग खरी गोष्ट बाहेर येते. रात्रभर एसटीत बसून प्रवास झालेला असतो. किंवा घरी कार्य असतं आणि काकू सकाळपासून विळीवर बसून वीस जणांची भाजी चिरत असतात. पावसाळ्यात आमच्या कोकणात उत्तर बहुतेक एकच: "लावणी चाललीय." चप्पल निमित्ताला धनी. कंबर आधीच सैल पडलेली असते.

सैल पडलेली म्हणजे काय, हे एकदा नीट कळलं की पुढच्या सगळ्या पायऱ्या आपोआप लक्षात राहतात. म्हणून आधी थोडं आतलं बघू.

कमरेचे पाच मणके, मधल्या गाद्या आणि हाडाला हाड बांधून ठेवणारे अस्थिबंध, म्हणजे लिगामेंट, एवढंच शिल्लक ठेवून बाकी सगळे स्नायू काढून टाकले तर कणा किती वजन पेलेल? येल विद्यापीठात क्रिस्को आणि पंजाबी यांनी प्रयोगशाळेत हे करून पाहिलं. १९९२ साली छापून आलेलं उत्तर होतं सुमारे ९० न्यूटन, म्हणजे साधारण ९ किलो. एवढ्या वजनालाच तो कणा कलंडला. आपलं नुसतं डोकं, हात आणि धड याच्या कितीतरी पट भरतं. मांडवाचा वासा जसा चारी बाजूंच्या ताणदोरांवर उभा असतो, तसा कणा स्नायूंवर उभा असतो. फरक इतकाच की इथले दोर क्षणाक्षणाला कमीजास्त ताणावे लागतात, आणि कुठला कधी ताणायचा हे कुणीतरी सांगावं लागतं.

ते सांगण्याचं बरंचसं काम अस्थिबंध करतात. मणक्यांची मागची टोकं पाठीवर बोट फिरवलं की हाताला लागतात. त्या टोकांवरून एक बंध खाली जातो, टोकांच्या मधल्या फटीत दुसरा असतो, मागच्या छोट्या सांध्यांभोवती पिशवीसारखी वेष्टणं असतात आणि गादीच्या बाहेरच्या कड्यांचे धागे असतात. या सगळ्यांत ताण ओळखणारी चेतातंतूंची टोकं पेरलेली आहेत. बंध ताणला की संदेश मज्जारज्जूकडे जातो आणि तिथूनच मणक्यांना लगटून असलेल्या मल्टिफिडस नावाच्या स्नायूला 'आवळ' असा हुकूम सुटतो. आपण विचार करून काही करण्याआधीच हे झालेलं असतं.

मोशे सोलोमोनोव यांच्या अमेरिकेतल्या गटाने १९९८ मध्ये हे दाखवलं. मणक्याची शस्त्रक्रिया चालू असलेल्या रुग्णांमध्ये त्यांनी मागच्या बंधाला विजेची हलकी चेतना दिली आणि मल्टिफिडस आवळल्याची नोंद मिळवली. मांजरांमध्ये तोच बंध ताणल्यावरही तसंच घडलं, आणि प्रतिसाद जिथे ताण दिला त्या मणक्यापाशी किंवा फार तर एक मणका वर-खाली असा नेमका आला. नॉर्वेच्या इंदाल यांनी डुकरांवर केलेल्या प्रयोगांत गादीचा बाहेरचा भाग चेतवला तरी मल्टिफिडस आवळला.

थोडक्यात, बंध हा नुसता दोर नाही. बैलाच्या वेसणीत बैलाला थोपवून धरण्याइतकी ताकद कुठे असते? जराशी ओढ लागते आणि बैल स्वतःच्या ताकदीने वळतो. कमरेच्या बंधांचं काम बरंचसं वेसणीचं आहे. आणि वेसण ढिली सोडली, तर इकडून ओढ दिल्यावर ती बैलाच्या नाकापर्यंत पोचायला वेळ लागतो. उसण भरते ती बहुधा त्या मधल्या वेळात.

वेसण ढिली कशी पडते? बाजेच्या सुंभासारखी. रात्रभर माणूस झोपला की सकाळी बाज मधे खोल गेलेली असते, आणि माणूस उठला म्हणून सुंभ लगेच ताठ होत नाही. कमरेचे बंध वाकलेल्या स्थितीत बराच वेळ ताणून धरले की तेही असेच हळूहळू लांबतात. सोलोमोनोव यांच्या गटाने भूल दिलेल्या मांजरांची कंबर वीस मिनिटं किंवा जास्त वेळ वाकवून ठेवली, तेव्हा मल्टिफिडसचा प्रतिसाद मिनिटागणिक मंदावत गेला आणि मधूनच अवेळी आचके येऊ लागले. पुढे सात तास विश्रांती देऊनही गाडी पूर्ण रुळावर आली नाही. उलट काही तासांनंतर स्नायू गरजेपेक्षा जास्तच भडकायला लागले. 'काल काम करताना काही वाटलं नाही, आज सकाळी उठवेना' ही तक्रार मी या प्रयोगाशी मनात नेहमी जोडते. मांजराची मिनिटं माणसाला जशीच्या तशी लावायची नसतात. पण माणसांवरचा मॅक्गिल आणि ब्राऊन यांचा १९९२ चा अभ्यास त्याच वाटेचा आहे. वीस मिनिटं पूर्ण वाकून बसल्यानंतर कमरेचा गेलेला ताठपणा दोन मिनिटांत साधारण निम्मा परत आला, पण अर्ध्या तासानंतरही थोडी ढिलाई उरलीच होती.

दोन मिनिटांत निम्मा. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

पहिली पायरी: आपली हद्द बोटांनी शोधा

हे आत्ता वाचता वाचता करता येईल. कंबर दुखत असेल तर मात्र करू नका, आणि सकाळी उठल्या उठल्याही नको.

पावलांत थोडं अंतर ठेवून उभे राहा. पट्टा बांधतो त्या उंचीवर दोन्ही अंगठे कण्याच्या दोन बाजूंना, मधल्या टोकांपासून दोन बोटं अंतरावर टेका आणि जरा दाबून धरा. आता हळूहळू पुढे वाका. थोडं वाकताच अंगठ्यांखालचे स्नायू सुतळीच्या पिळासारखे टणक होतील. तसेच वाकत राहा, घाई नको. बरंच खाली गेल्यावर एक गंमत होते: तो टणकपणा अचानक विरघळतो आणि अंगठे मऊ कणकेत रुतल्यासारखे वाटतात. तिथे थांबून न राहता गुडघे किंचित मोडून सावकाश वर या.

स्नायू मऊ पडले त्या क्षणी तुमचं धड कशावर लटकत होतं? बंधांवर आणि गाद्यांच्या मागच्या भागावर. फ्लॉइड आणि सिल्व्हर या इंग्रज संशोधकांनी १९५० च्या दशकात पाठीवर तारा लावून स्नायूंचं हे गप्प होणं नीट नोंदवलं. यात रोग काहीच नाही, निरोगी कंबर अशीच वागते. उलट जुनी कंबरदुखी असलेल्या अनेकांचे स्नायू मऊ पडतच नाहीत, ते अंग चोरून राखण करत राहतात. म्हणून मऊ लागलं किंवा लागलं नाही यावरून स्वतःचं निदान करत बसू नका. आपल्याला फक्त ती जागा ओळखायची आहे. ती तुमची हद्द. दिवसभरात जे वाकून करायचं ते तिच्या अलीकडे, आणि ओझं हातात असताना तर तिच्या बरंच अलीकडे.

दुसरी पायरी: ढिलाईच्या वेळा ओळखा

प्रत्येकाच्या दिवसात अशा दोन-तीन वेळा असतात. पहिली सगळ्यांना सारखी: पहाट. रात्री आडवं असताना गाद्या पाणी शोषून फुगतात, सकाळी आपण थोडे उंचही असतो. फुगलेल्या गादीमुळे वाकताना सगळंच जास्त ताणलं जातं. ॲडम्स, डोलन आणि हटन यांनी १९८७ मध्ये केलेल्या हिशेबानुसार सकाळच्या वाकण्यात गाद्यांवरचा ताण सुमारे ३०० टक्क्यांनी आणि बंधांवरचा सुमारे ८० टक्क्यांनी जास्त असतो. फुगवटा उतरतो तो प्रामुख्याने उठल्यानंतरच्या पहिल्या तासात. स्नूक यांनी १९९८ मध्ये जुन्या कंबरदुखीच्या लोकांना पहाटेचं वाकणं टाळायला लावलं, तेवढ्यानेच त्यांचं दुखणं कमी झालं.

आता आपल्याकडे नळाला पाणी पहाटे साडेपाचला येतं त्याला काय करणार? पाणी काही तासभर थांबत नाही. बादली स्टुलावर ठेवून पाइप लावा, बादल्या अर्ध्या भरा, आणि घागर जमिनीवरून उचलण्याऐवजी ओट्यावरच भरा. दात घासताना एक हात बेसिनच्या कडेला टेका. मोजे-बूट पाय वर घेऊन घाला.

इथे थोडी नाराजी ओढवून घेते. अंथरुणातून उठून थेट सूर्यनमस्कार घालणारे आणि पायाचे अंगठे धरून पश्चिमोत्तानासनात मिनिटभर बसणारे पुष्कळ आहेत. ज्यांची कंबर कधीच धरली नाही त्यांनी खुशाल करावं. ज्यांची धरते त्यांनी आधी तासभर चालणं-फिरणं होऊ द्यावं. सूर्य तेवढा वेळ थांबतो.

बाकीच्या वेळा तुमच्या तुम्ही काढा: लांबचा प्रवास, जमिनीवर पोक काढून बसून केलेलं काम, मऊ सोफ्यात रुतून पाहिलेली मॅच. एक आठवडा कागदावर लिहून ठेवलंत तर स्वतःच चकित व्हाल.

तिसरी पायरी: वाकणं आणि उचलणं यांच्यात दोन मिनिटं घाला

या लेखातलं एकच काही करायचं असेल तर हे करा.

बराच वेळ बसून किंवा वाकून झाल्यावर लगेच उचलायचं नाही. आधी सरळ उभं राहायचं. दोन्ही हात डोक्यावर नेऊन एक लांब श्वास घ्यायचा. मग तळवे कमरेवर ठेवून, छाती वर करत, किंचित मागे झुकायचं, दोन-तीनदा, दुखणार नाही इतपतच. नंतर दोन मिनिटं चालायचं. निम्मा ताठपणा परत येतो तो याच वेळात. उरलेल्या निम्म्यासाठी शहाणपण म्हणून पहिलं ओझं हलकं घ्यायचं.

एसटीत हे कसं जमवायचं? गाडी स्टँडात शिरायच्या चार-पाच मिनिटं आधीच सीटवरून उठा, दांडी धरून उभे राहा. कंडक्टर काही म्हणत नाही, सगळेच उठलेले असतात. बॅग सीटखालून ओढून काढायची तर पायाने पुढे सरकवा. वरच्या फळीवरची जड बॅग हात उंचावून हिसका देत ओढणं सर्वांत वाईट, आणि नेमकं तेच आपण सहा तास बसून झाल्यावर पहिल्या मिनिटाला करतो.

चौथी पायरी: वाकायचं काम तोडून करा

'वाकू नका' हा सल्ला लावणीला उभ्या असलेल्या बाईला देणाऱ्याने एकदा चिखलात उतरून दाखवावं. डोक्यावर इरलं, पाय पोटरीपर्यंत चिखलात, डाव्या हातात रोपांची मूठ आणि उजवा हात सारखा खाली. वाकल्याशिवाय लावणी नाही, निंदणी नाही, ऊसतोडही नाही. प्रश्न फक्त सलग किती वेळ, आणि मधे काय.

मांजरांवरच्याच पुढच्या प्रयोगांत दहा मिनिटं ताण आणि दहा मिनिटं विश्रांती असं चालवलं तेव्हा फारसं बिघडलं नाही. विश्रांती पाच मिनिटांवर आणली तेव्हा बिघडलं. शेतात दहा मिनिटांमागे दहा मिनिटं कोण बसू देणार? पण काम बदलता येतं. एक ओळ संपली की ताठ उभं राहून मागे झुकणं हे तर अनुभवी बायका आपणहून करतातच, त्यांना ते कुणी शिकवलेलं नसतं. त्यात एवढीच भर घाला: तरवा, म्हणजे भाताची रोपं, आणायला जायची पाळी आपसात फिरती ठेवा, आणि जी जाईल तिने आधी रिकाम्या हाताने बांधावरून चालत जावं. मग जुडी उचलावी. वाकल्या जागेवरून वळून शेजारची चिखलाने जड झालेली जुडी खेचायची नाही. वाकणं, पीळ आणि ओझं तिन्ही एकाच क्षणी नकोत, आणि तासभर वाकून झाल्यावर तर मुळीच नकोत.

घरात हेच सोपं आहे. लांब दांड्याचा झाडू घ्या. विळीवर बसायचं तर खाली जाड पाट किंवा दुमडलेली सतरंजी घेऊन ढुंगण गुडघ्यांपेक्षा थोडं वर ठेवा, पोक आपोआप कमी होतं. वीस मिनिटांनी उठायला निमित्त हवं म्हणून चिरलेली भाजी मुद्दाम लांब ठेवा.

पाचवी पायरी: कमरेतून नको, खुब्यातून वाका

एक सरळ काठी घ्या. ती पाठीमागे उभी धरा, एक हात मानेमागे आणि एक कमरेमागे. काठी तीन ठिकाणी टेकली पाहिजे: डोक्याचा मागचा भाग, खांद्यांच्या मधली पाठ आणि माकडहाड. आता गुडघे किंचित मोडून ढुंगण मागे ढकलत वाका, जणू मागचं दार ढुंगणाने लोटताय. तिन्हींपैकी एकही जागा काठीपासून सुटली तर तिथेच थांबा आणि परत या. पहिल्या दिवशी फार वाकता येणार नाही. दोन आठवड्यांत जमतं.

घरगुती गॅसच्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो आणि टाकीचं वजन साधारण तितकंच, म्हणजे भरलेला सिलिंडर तीस किलोच्या घरात. तो जवळ घ्या, पोटाला जवळजवळ टेकवून उचला, किंवा उचलूच नका, चाकाच्या स्टँडवर घ्या. दोघांनी उचलायचं असेल तर 'एक, दोन, तीन' मोठ्याने म्हणा. अचानक आलेलं किंवा अचानक सुटलेलं ओझं या यंत्रणेला सर्वांत अवघड जातं. येलमध्येच चोलेविकी यांनी २९२ महाविद्यालयीन खेळाडूंच्या धडावरचा ताण अचानक सोडून स्नायू किती चटकन प्रतिसाद देतात ते मोजलं आणि पुढची दोन-तीन वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. पुढे ज्यांच्या कमरेला दुखापत झाली, त्यांचे स्नायू सैल पडायला इतरांपेक्षा सरासरी १४ मिलिसेकंद जास्त लागत होते. डोळ्याची पापणी मिटायलाही याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. कपाट सरकवताना समोरच्याने न सांगता हात सोडला की काय होतं, ते यावरून समजेल.

सहावी पायरी: रोजची दहा मिनिटं

ताकद वाढवण्यापेक्षा दम आणि तत्परता वाढवायची आहे, त्यामुळे जिमची गरज नाही. दुपारी किंवा संध्याकाळी, सतरंजीवर:

हात-गुडघ्यांवर ओणवे व्हा, उजवा हात पुढे आणि डावा पाय मागे सरळ करा, पाठीवर पाण्याचा पेला ठेवलाय असं समजून. मग कुशीवर, कोपर आणि गुडघ्यांवर भार देऊन कंबर जमिनीपासून उचला, दोन्ही बाजूंना. शेवटी उताणे, एक गुडघा मोडून, कमरेखाली तळवे ठेवून फक्त डोकं आणि खांदे जमिनीपासून सुटतील इतकेच उचला. प्रत्येक वेळी आठ-दहा सेकंदच धरा आणि सोडा. आधी पाच वेळा, थोडं थांबून चार, मग तीन. श्वास रोखायचा नाही. दुखायला लागलं तर त्या दिवशी तेवढाच व्यायाम गाळा.

सातवी पायरी: तरीही भरलीच तर

आमच्याकडे उसण भरली की पायाळू, म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर आलेल्या, माणसाला बोलावतात आणि त्याच्याकडून कमरेला पाय लावून घेतात. हलका पाय लावला तर काही बिघडत नाही. बहुतेक उसणी काही दिवसांत आपोआप सुटतात, श्रेय पायाळूला मिळतं, मिळू दे. पण पालथं पाडून पाठीवर उभं राहणारे, कडकड आवाज काढणारे, हिसका देणारे यांना त्या दिवसांत जवळ येऊ देऊ नका. तो आवळलेला स्नायू राखणीला उभा आहे. त्याला आणखी घाबरवून काय मिळवणार?

गुडघ्यांखाली उशी घेऊन आडवे व्हा, शेकायला बरं वाटत असेल तर शेका. पण अंथरूण धरून बसू नका. दर तासाला घरातल्या घरात चार फेऱ्या माराच. पोक काढून बसणं आणि पहाटेचं वाकणं पूर्ण बंद.

मात्र लघवी अडली किंवा झालेली कळेनाशी झाली, शौचावरचा ताबा गेला, मांड्यांच्या आतली किंवा बसायची जागा बधिर झाली, पाऊल उचलेना, तर ते उसण नव्हे. त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठा दवाखाना गाठायचा. कंबरदुखीसोबत ताप, विनाकारण घटलेलं वजन, पूर्वी झालेला कर्करोग किंवा वयस्कर माणसाचं नुकतंच झालेलं पडणं असेल, तरीही घरगुती उपाय न करता डॉक्टरांना दाखवा.

दुखणं थांबल्यावर माणसं सगळं सोडून देतात, आणि माझ्या मते पुढची उसण तिथेच ठरते. ऑस्ट्रेलियात ज्युली हाइड्स यांनी पहिल्यांदाच कंबर धरलेल्या लोकांचा मल्टिफिडस सोनोग्राफीने पाहिला. दुखऱ्या बाजूला, दुखऱ्या मणक्यापाशी, तो बारीक झालेला होता. १९९६ मध्ये त्यांनी पुढचं दाखवलं: दुखणं गेलं तरी दहा आठवड्यांनंतरही स्नायू आपोआप भरून आला नाही. ज्यांनी त्याचाच व्यायाम केला त्यांचा आला.

तो व्यायाम दिसायला अगदी क्षुल्लक आहे. पालथे झोपा. घरातल्या कुणाला तरी दुखऱ्या जागी कण्याच्या लगत अंगठा हलकेच रोवायला सांगा. पाठ न हलवता, ढुंगण न आवळता, तो अंगठा आतून किंचित वर ढकलायचा प्रयत्न करा. सुरुवातीला काहीच होणार नाही. मग एखाद्या दिवशी अंगठेवाला म्हणेल, "आत्ता हललं काहीतरी." तेच. श्वास चालू ठेवून दहा सेकंद धरा आणि सोडा, दहा वेळा. दुखणं पहिल्या आठवड्यात गेलं असलं तरी हे रोज, पुढचे दोन-अडीच महिने.